शेवळाच्या जुडीची गाठ

२ जून, सोमवार

नम्रताने ही वही दिली. निळ्या पुठ्ठ्याची आहे, वास अजून नवा. तिच्या कॉलेजातल्या मर्सी मॅडमनी सगळ्या मुलामुलींना सांगितलंय की रोज मनातलं लिहायचं आणि कुणाला दाखवायचं नाही. तिने दोन वह्या आणल्या, एक तिला, एक मला. मी म्हटलं, "अगं, मी चौथी शिकलेली, पासष्ट वर्सं झाली पाटी सोडून. कुणाला लिहू?" तर म्हणते, "स्वतःलाच लिही, आजी." हे बरं आहे. स्वतःशी बोलणाऱ्या बाईला लोक येडी म्हणतात, लिहिणारीला हुशार म्हणत असतील.

नम्रता म्हणजे किशोरची मुलगी, माझी एकुलती नात. मुंबईला नवराबायकोची, घरातल्यांची भांडणं सोडवायचं शिकते. शेजारच्या जनीला सांगितलं तर म्हणाली, "त्याला कॉलेज लागतं व्हय? आमच्यात सासू सोडवायची." मी म्हटलं, "सोडवायची कसली, लावायची." दोघी खूप हसलो. पण अभिमान वाटला मला, खोटं कशाला लिहू. आमच्या घरात शिकून भांडण सोडवणारं हे पहिलंच माणूस.

दोन महिने ती आता घरीच. दर शनिवारी समोरच्या डोंगरातल्या ठाकरवाडीत जायचं, शाळेच्या खोलीत बसून जोडप्यांचं ऐकायचं. हा तिचा सराव. ती वाडी आमच्या अंगणातून दिसते. मोहाची तीन झाडं आहेत ना, त्यांच्या खाली. मी तिकडे फारसं बघत नाही.

आज एवढंच. बोटं दुखली.

४ जून, बुधवार

सोमी आली शेवळं घेऊन, पहिल्या पावसात डोंगरात कोंब फुटणारी रानभाजी. ती वाडीवरची. कर्जतच्या बाजाराला उतरते तेव्हा पहिली आमच्याकडे थांबते, टोपली ओट्यावर टेकते आणि चहा पिते. वाडीवरच्यांचा कप आमच्याकडे वेगळा, वळचणीला खोचलेला असतो, कान तुटलेला. सासूबाईंपासूनची पद्धत. सोमी स्वतःच काढते, पिऊन झाला की स्वतःच धुऊन परत खोचते. काही सांगावं लागत नाही. गुणाची बाई.

चार जुड्या घेतल्या. पाचवी ती दरवर्षी फुकट देते. "ही तुमची," म्हणते आणि हसते. त्या पाचवीतली शेवळं अगदी कोवळी असतात, आणि सोबत पानात बांधलेली काकडंही. शेवळाच्या भाजीत काकडाचं आंबट फळ ठेचून घातलं नाही तर घसा असा खाजतो की विचारू नका. सुनिता, माझी सून, लग्नानंतर पहिल्या वर्षी काकडं घालायला विसरली होती. सगळं घर दोन दिवस खाकरत होतं, आणि आमचे हे म्हणाले, "सूनबाईंनी सगळ्यांची तोंडं बंद केली." गमतीचे होते ते. रागावले की मात्र दगड.

त्या पाचव्या जुडीची गाठ बघितली की मला माहेर आठवतं. आमच्या खालापूरकडे भाताच्या रोपांच्या मुठी अशाच बांधत. पेंढ्याची काडी दोनदा पिळायची आणि शेपटी आत खोचायची. हलणार नाही, पण एका ओढीत सुटेल. माझ्या आईने शिकवली. लग्न होऊन इकडे आले तेव्हा लावणीला बायका माझ्या मुठीला हसायच्या, आणि आठ दिवसांनी माझ्याच मुठी आधी उचलायच्या, पटकन सुटतात म्हणून. शिकलं मात्र कुणी नाही. सोमीच्या बाकी चार जुड्या तिच्या पद्धतीने नुसत्या गुंडाळलेल्या असतात. ही एकच तशी. कुठे बघून शिकली कोण जाणे.

७ जून, शनिवार

आज नम्रता वाडीवरून आली ती तोंड पाडूनच. पुस्तकात लिहिलंय म्हणे की नवराबायकोला समोरासमोर खुर्चीवर बसवायचं, डोळ्यात बघायला लावायचं आणि "मला असं वाटतं" अशी सुरुवात करायला सांगायचं. हिने तसंच केलं. बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली, नवरा उठून बाहेर गेला, बिडी प्यायला, तो आलाच नाही. नावं सांगत नाही ती. शपथ असते म्हणे त्यांच्यात. मी नाना तऱ्हांनी विचारून बघितलं.

वाडीतलीच एक बाई मध्ये बसते, वाडीची बोली नम्रताला सांगते आणि हिचं त्यांना. तीसुद्धा म्हणाली, "ताई, असं नाय बोलत हितं कुणी."

मी म्हटलं, "अगं, आमी चाळीस वर्सं संसार केला, मी तुझ्या आजोबांच्या डोळ्यात बघितलंच नाय. बघितलं तर भांडण लांबलं असतं."

"मग बोलायचात कसं?"

"बैलाशी."

तिने वहीच काढली. मग सांगितलं सगळं. राग आला की मी गोठ्यात जायची, वैरण टाकता टाकता बैलाला म्हणायची, "सांग रं तुज्या मालकाला, घरातलं मीठ संपलंय आणि माज्या भावाचं पत्र चार दिस कोनाड्यात पडलंय." हे पलीकडे दोर वळत असायचे. ते पण बैलालाच सांगायचे, "सांग तिला, मीठ आणलंय. आन् पत्र वाचलंय. गुरुवारी माहेरी सोडायला येतो." मिटलं! एकमेकांची तोंडं बघायची गरजच पडली नाही. लावणीतही तसंच. दोघं शेजारी, कमरेत वाकलेले, नजर चिखलात, हात चालू. जे काही मोठं बोललो असू आयुष्यात ते चिखलाकडे बघूनच बोललो.

नम्रता हसता हसता थांबली, म्हणाली, "आजी, हे मी मॅडमना सांगणार." सांग बाई. मेलेल्या बैलाला कॉलेज दाखव.

८ जून, रविवार

आज जे झालं ते लिहू की नको असं दुपारपासून चाललंय. पण वही कुणी बघत नाही.

नम्रताने मोठा कागद आणला. मॅडमनी सगळ्यांना आपापल्या घराचा नकाशा काढायला सांगितलाय. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. मी म्हटलं बरोबर आहे, पाट चौकोनी आणि भाकरी गोल. कोण कुणाशी बोलतं त्याची सरळ रेघ, भांडणाची नागमोडी. आणि जिथे बोलणंच तुटलंय तिथे रेघेवर दोन काप. तेवीस तारखेला प्रत्येकाने आपला नकाशा वर्गासमोर मांडायचा. ज्याला आपल्या घरात कुणाला दार बंद आहे ते दिसत नाही, त्याला मॅडम दुसऱ्याच्या घरात बसू देणार नाहीत.

"आजी, तुला मुलं किती?"

"एकच. किशोर."

तिने चौकोन काढला. मग किशोर लहानपणी कसा होता, मग सुनिता घरात आली तेव्हाची गंमत, मग नम्रताचा जन्म. मी आपली रंगात आलेली. बारशाचं सांगायला लागले, की पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्या, आणि आत्याने कानात कुर्र केलं तेव्हा बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की ती बिचारी...

नम्रताची पेन्सिल थांबली.

"कुठली आत्या?"

मी म्हटलं, "चुलत असंल कुणीतरी," आणि दूध उतू जातंय म्हणून उठले. दूध चुलीवर नव्हतंच.

हिथे लिहिते. मला दोन मुलं. किशोर आणि वनिता. वनिता धाकटी. नम्रता हे नाव तिनेच काढलं, तिनेच कानात सांगितलं. त्यानंतर वर्षभराने ती वाडीवरच्या नवशाबरोबर गेली. तो आमच्याच शेतात लावणीला यायचा, नंतर माथेरानला हातगाडी ओढायला लागला. चांगला मुलगा होता, मान खाली घालून काम करायचा. पण ठाकर. हे म्हणाले, या घरात तिचं नाव निघायचं नाही. किशोर वाडीखाली जाऊन ओरडून आला. आणि मी काय केलं? मी भात चुलीवर ठेवला. दुसरं काही सुचलं नाही म्हणून नेहमीएवढाच ठेवला, आणि एका माणसाचा उरला.

बावीस वर्षं झाली. हे जाऊन सहा. एकदा कर्जतच्या बाजारात ती दिसली होती. मी टेंपोच्या आड झाले. ती गेल्यावर तिथेच उभी राहिले, कशाला आले होते तेच आठवेना.

१४ जून, शनिवार

आज मात्र नम्रता उडतच आली! मॅडमनी परवानगी दिली. आज खुर्च्या काढूनच टाकल्या, आणि त्याच जोडप्याला शेजारी शेजारी बसवून पुढ्यात पळसाची पानं टाकली, पत्रावळी लावायला. नजर पानात, हात चालू.  मग त्या मधल्या बाईने त्यांना माझ्या बैलाची गोष्ट सांगितली. तो नवरा हसला, आणि पानाकडे बघतच म्हणाला, "माजी बायको माहेरावनं आली का नाय तेच कळंना मला. आली तवापास्नं गप हाय." बायको पानाकडे बघत म्हणाली, "इचारलंस कवा?" आणि मग अर्धा तास दोघं थांबेनात. चौदा पत्रावळी झाल्या. मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, पुस्तकात हे नाही, तू लिही.

माझा बैल मुंबईत गेला एकदाचा.

मग जेवताना तिने एकदम विचारलं, "आजी, त्या बैलाचं नाव काय होतं?"

"खंड्या. कपाळावर पांढरा टिळा. का गं?"

"मला आधी कधी सांगितलं होतंस?"

"नाय. आज इचारलंस."

तिचा घास हातातच राहिला. मला वाटलं ऊन लागलं. ताक दिलं. ती मधली बाई कोण, कशी, म्हणून विचारलं तर म्हणाली, "चांगल्या आहेत. तुझ्यासारख्याच हसतात." आणि उठून हात धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही.

१७ जून, मंगळवार

नम्रताच्या वर्गात मेघालयातली एक मुलगी आहे. त्यांच्याकडे म्हणे घर धाकट्या लेकीचं. आईबाप तिच्याकडे राहतात, नवरा तिच्या घरी येतो. तिने आपला नकाशा आधीच फोनवर सगळ्यांना पाठवला, तो बघून बाकीची मुलं म्हणाली, उलटा काढलाय का? मॅडम म्हणाल्या, उलटा तुम्ही धरलाय.

धाकटी लेक घर सांभाळते. काय एकेक रीत असते. मी दिवसभर तेच घोळवत भांडी घासली.

नम्रताचा कागद कपाटावर गुंडाळून ठेवलाय. किशोरच्या चौकोनाशेजारी तिने जागा मोकळी सोडलीय. विचारत काही नाही. विचारलं असतं तर बरं, मी चिडले तरी असते.

२० जून, शुक्रवार

सोमी आली. चार जुड्या आणि पाचवी. नम्रता ओट्यावरच बसली होती. तिने पाचवी उचलली, गाठीची शेपटी ओढली, एका ओढीत सुटली.

"आजी, तू लावणीला मुठी बांधतेस तशीच ही गाठ आहे ना?"

"व्हय. सोमी शिकलीय."

सोमीने चहाचा कप खाली ठेवला. "मला कुटं येते असली? मी निसती आणून देते, इंदूबाय."

"कोण बांधतं मग?"

सोमी माझ्याकडे बघत राहिली, लहान मुलाकडे बघावं तशी. "बावीस वर्सं खाताय, आन् मला इचारता?"

मी खालीच बसले. माझ्या आईची गाठ. इकडे ती मी एकट्या वनिताला शिकवली होती, ती सात वर्षांची असताना, बांधावर बसून. आणि मी दरवर्षी शेपटी ओढून सोडायची, काकडं ठेचायची आणि बोटं चाटून खायची. ह्यांनी पण खाल्ली. "सोमीच्या शेवळाला चव हाय," म्हणायचे.

मग नम्रता हळूच म्हणाली, वाडीत मध्ये बसते ती तीच. गोष्ट सांगताना नम्रताने नुसतं बैल म्हटलं होतं, नाव तिला कुठे ठाऊक? आणि ती बाई वाडीवाल्यांना सांगताना खंड्या म्हणाली. म्हणून तर पोरीचा घास हातात राहिला होता. त्यांची शपथ जोडप्यांपुरती असते, आत्यापुरती नसते, असं मॅडमना विचारून घेतलं म्हणे तिने. माझं तोंड उघडायची तेवढी वाट बघत होती.

सोमी टोपली उचलायला लागली. "काय सांगू तिला?"

ये म्हणावं, एवढंच सांगायचं होतं. बावीस वर्षं जिभेवर असलेला शब्द, पण निघेचना. मी म्हटलं, "सांग तिला, यंदा काकडं कमी घातलीस. घसा खवखवला माजा. यिऊन बघून जा म्हणावं."

सोमी हसली. कप धुतला, वळचणीला खोचला, गेली.

आणि मी त्या कपाकडे बघत बसले. वनिता आता वाडीवरची. ती आली तर तिला कुठल्या कपात चहा देऊ?

२१ जून, शनिवार

किशोरला सांगितलं. तो खालापूरला कंपनीत आहे, रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. म्हणाला, "आबांनी काय सांगितलेलं इसरलीस, आये?"

मी म्हटलं, "आबांनी तुला तंबाखू सोडायला पण सांगितलेलं. ते बरं इसरलास."

सुनिता आत फिसकन हसली. किशोर उठला. आंघोळ करून झोपला, जेवलाही नाही. मला धाकधूक. हा उद्या घरी असणार, रविवार आहे. तिने उंबऱ्यापर्यंत यायचं आणि ह्याने पाठ फिरवायची, असं झालं तर ती पुन्हा यायची नाही. मी पंचाहत्तरीला टेकले. माझ्याकडे काय अजून बावीस वर्षं नाहीत.

वळचणीचा कप काढला. टाकणार होते, मग कोंबडीच्या पिल्लांना पाणी ठेवलं त्यात. कोंबडी आधी बघून घाबरली.

२२ जून, रविवार

आली.

अकराच्या सुमाराला सोमीबरोबर. केस पुढून पांढरे झालेत. हे मी लांबून बघितलं होतं बाजारात, पण जवळून ते वेगळं दिसतं. अंगणाच्या कडेलाच थांबली. मी ओट्यावरच.  नम्रता दारात, ओढणी चावत.

किशोर वासराला पाणी पाजत होता, पाठमोरा. सगळे त्याच्या पाठीकडे बघत होतो. तो वळला नाही. वासराच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला, "सांग गं हिला, उन्हात उबी ऱ्हाऊ नको म्हणावं. पयल्यापास्नं डोकं धरतं तिचं."

वनिताने पदर तोंडाला लावला. मग ती पण वासरालाच म्हणाली, "सांग त्याला, आता नाय धरत. दोन पोरं वाढवली, डोकं घट झालं."

मग ती ओट्याशी आली, आणि बसायच्या आधी तिचा हात आपसूक वर वळचणीत गेला. चाचपत होती. लहान असताना ती वाडीवरच्यांना इथूनच तो कप काढून द्यायची. आता आपल्यासाठी शोधत होती.

"काय शोदतीस?" मी म्हटलं.

"काय नाय, आये."

मी तो हात धरून खाली आणला. बोटं माझ्या आईसारखी झालीत. सुनिताने ट्रेमधून चहा आणला, सगळे कप सारखे, फुलाफुलांचे, पाहुण्यांचे. सोमी आपला कप उलटासुलटा करून बघत म्हणाली, "ह्याला कान हाय की!" आणि सगळे हसले, किशोरसुद्धा, वासराकडे बघत. पिऊन झाल्यावर सोमी सवयीने धुवायला उठली तर सुनिताने ओढून घेतला.

नवशा आला नाही. गुडघा दुखतो म्हणे, पुढच्या वेळी. मीही जास्त विचारलं नाही. त्याच्या पण घशात काही असेल अडकलेलं, ते काकडांनी जायचं नाही. थोरला रुद्र बारावीला आहे, त्याला मी अजून बघितलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

चहा संपल्यावर वनिता एकदम म्हणाली, "काकडं कमी कशी असतील? मोजून सात घातलेली मी."

"मग माजा घसा का खवखवला?"

"मला काय म्हाईत. रडली असशील."

ती राहिली आज. आपणहून. नम्रताने कागद उलगडला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. किशोरच्या शेजारच्या मोकळ्या जागेत मी गोल काढला. जरा लंबोळा झाला. वनिता बघून म्हणाली, "ही काय मी? ही तर वांगं झाली." रेघेवरचे दोन काप नम्रताने आपल्या हाताने काढले. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाली, होते ते दाखवायचे, आणि त्यावरून नवी रेघ कशी गेली ते पण दाखवायचं.

२३ जून, सोमवार

नम्रता सहाच्या गाडीने गेली, कागदाची सुरळी बगलेत. किशोरने स्टेशनपर्यंत सोडलं. जाताना म्हणाला, "मॅडमला सांग, वासराचं पण नाव टाका म्हणावं त्यात." आता हिला पास करतील का नाही मला ठाऊक नाही. पण मला विचाराल तर झाली ती पास.

सकाळी सोमी आली. आज चारच जुड्या ठेवल्या. मी पाचवीची वाट बघत टोपलीत वाकून वाकून बघितलं.

"पाचवी कुटाय गं?"

सोमीने नुसती हनुवटीने दाराकडे खूण केली. आतून चुलीपासून आवाज आला, "आये, काल आणलेली शेवळं कापली मी. काकडं किती ठेचू?"

"सात," मी ओरडले. "मोजून."